आधी एकदा बसून पाहिलेला बाक

दहावीच्या पूर्वपरीक्षेत बीजगणिताचा पेपर मी जवळजवळ कोरा दिला. साल १९८७. वर्गसमीकरणं मला येत होती, आदल्या रात्री धाकट्या भावाला समजावून सांगितली होती. पण घंटा झाली, प्रश्नपत्रिका हातात आली आणि अक्षरं नुसती दिसायला लागली, वाचता येईनात. तळहाताला इतका घाम सुटला की उत्तरपत्रिकेचा कोपरा भिजून शाई फुटली.

मोठा दादा दोन वर्षांपूर्वी दहावीत बसला होता. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेची वारी करूनही गणित सुटलं नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर होतं, "दहावी होऊ दे, मग बघू." आलेला पाहुणाही चहाचा कप खाली ठेवायच्या आत टक्के विचारायचा. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, तरी त्या वर्षी माझं जेवण निम्म्यावर आलं होतं.

गणिताच्या बाईंनी तो पेपर वर्गात वाटला नाही. मला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि विचारलं, "आधी पोटात गोळा आला, का आधी हात गार पडले?" मी म्हटलं, हात. "मग हात गार पडले की पेन खाली ठेवायचं. दोन घोट पाणी प्यायचं. आणि पहिला प्रश्न पहिल्यांदाच सोडवायला पाहिजे असं कुठं लिहिलंय? येतं ते आधी." माझ्या भीतीबद्दल त्यापूर्वी कुणी असं साधेपणानं, दुखण्याबद्दल विचारावं तसं विचारलं नव्हतं. "घाबरू नकोस" मात्र सगळे म्हणायचे.

बोर्डाचं केंद्र कोरेगावला होतं. परीक्षेच्या आधीच्या एका रविवारी बाई आम्हा तेवीस मुलींना पहिल्या एसटीनं तिकडे घेऊन गेल्या. तिथल्या मुख्याध्यापकांची परवानगी त्यांनी आधीच काढली होती. वर्ग उघडून मिळाला. बाईंनी प्रत्येकीला एका बाकावर तासभर बसवलं, सुटे कागद देऊन पुरवणीला दोरा बांधायला लावला. माझी गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. नळ कुठे, मुलींची मुतारी कुठे, तेही फिरून दाखवलं. आम्हा बऱ्याच जणींना त्याचीच खरी धास्ती होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. दुपारी त्याच व्हरांड्यात आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

मार्चमध्ये बीजगणिताच्या दिवशी हात गार पडलेच. मी पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि चौथ्या प्रश्नापासून सुरुवात केली. ७५ पैकी ५२ मिळाले. बाईंना सांगायला गेले तर त्यांनी आधी विचारलं, "पुरवणीची गाठ सुटली नाही ना?"

पुढे मीही शिक्षिका झाले. दर मार्चमध्ये वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभी असते तेव्हा उत्तरपत्रिकेवर सही करताना मुलांचे हात दिसतात. थरथरणारा हात दिसला की मी जरा जास्त वेळ तिथं थांबते, पाण्याची बाटली जवळ सरकवते. पालकांना मी आवर्जून सांगते, की आता पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच, जून-जुलैच्या सुमारास होते, नापास झालं म्हणून वर्ष वाया जात नाही. दादाच्या वेळी हे असतं तर, असं दर वेळी मनात येतं. बोर्डाचे समुपदेशकही परीक्षेच्या काळात फोनवर असतात. तो नंबर मी फळ्यावर लिहिते आणि पुसू देत नाही.

आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी मुलांना केंद्रावर नेते. यंदा खिडकीजवळच्या बाकावर बसलेल्या एका मुलीनं वर बघून विचारलं, "बाई, परीक्षेच्या दिवशीही हा पंखा असाच करकरणार?"

"असाच," मी म्हटलं.

तिनं दप्तर बाकावर ठेवलं आणि बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसली.