साडेसहाशे सीसी आणि एका गाडीपुरता रस्ता

ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ते चालत नाही. काही देशांची लायसन्सं इथे थेट बदलून मिळतात, भारताचं मिळत नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नोकरीसाठी ग्लासगोला आले तेव्हा पुण्यातल्या पल्सरवर ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी असे घाट मनसोक्त फिरून झाले होते. त्यामुळे पुन्हा ‘शिकाऊ’ होणं जिवावर आलं होतं. पण स्कॉटलंडच्या उत्तरेत बाईकवर जी मजा मी घेते, तिचा अर्धा वाटा त्या परीक्षेचा आहे असं आज मला मनापासून वाटतं. इकडे येऊन बाईक घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहितेय.

आधी शिकाऊ लायसन्स, मग सीबीटी. हे साधारण दिवसभराचं प्राथमिक प्रशिक्षण असतं. आधी मोकळ्या मैदानात, मग खऱ्या रस्त्यावर, कानात रेडिओ आणि मागून शिकवणारे. त्यानंतर लेखी परीक्षा. पन्नास प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. तिचा दुसरा भाग मला फार आवडला. पडद्यावर रस्त्याचं दृश्य चालू असतं आणि धोका जिथे आकार घ्यायला लागतो तिथे क्लिक करायचं. उभ्या गाडीचं चाक किंचित वळलं, फुटपाथवरच्या मुलानं मान वळवली, की क्लिक. ७५ पैकी ४४ गुण लागतात. आपण पुण्यात हे रोज अंदाजानं करतोच, पण त्याला शिस्त कशी लावायची हे मला इथे कळलं.

वय २४ पूर्ण असेल तर मोठ्या गाडीवर थेट परीक्षा देता येते. आमचे शिकवणारे साठीच्या पुढचे, आयुष्य हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, रस्त्यांवर घालवलेले. पहिली प्रात्यक्षिक परीक्षा बंद मैदानात होते: शंकूंमधून नागमोडी, इंग्रजी आठ, चालत्या माणसाच्या वेगानं सरळ रेषेत, साडेसात मीटर रुंदीत यू-टर्न, मग ताशी ५० किलोमीटरला अचानक ब्रेक आणि त्याच वेगात अडथळा चुकवणं. यू-टर्नलाच सगळे धास्तावतात. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, इंजिनचा आवाज एकसारखा आणि नजर खाली न घालता थेट खांद्यावरून मागे, जिथे जायचंय तिथे. दोनशे किलोची गाडी त्या नजरेमागोमाग वळते. दोन्ही बाजूंना सामान बांधलेलं, एका बाजूला खड्डा आणि रस्ता जेमतेम तीन मीटरचा, अशा ठिकाणी गाडी वळवताना मला अजून ते मैदान आठवतं.

दुसरी परीक्षा रस्त्यावरची, साधारण पाऊण तासाची; परीक्षक मागून येतो. ती झाली की लायसन्स मिळतं. पण आमच्या शिकवणाऱ्यांनी परीक्षेत न विचारली जाणारी एक गोष्ट घोटून घेतली. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूकडे बघत राहायचं. तो तुमच्याकडे येत असेल तर वळण आवळतंय, वेग उतरवा. तो तुमच्या वेगानं पुढे सरकत असेल तर आहे तसे चला. पळायला लागला की वळण उघडलं, थ्रॉटल द्या. दिसणाऱ्या मोकळ्या रस्त्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. आपल्या घाटांत आम्ही हॉर्नवर विसंबून होतो. ही नजर तिथे असती तर कितीतरी वळणं जास्त निवांत झाली असती.

मग गाडी. सगळे सांगत होते, लांबच्या प्रवासाला हजाराच्या पुढचं इंजिन हवं. मी सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० घेतली, सेकंडहँड. ६४५ सीसी, व्ही आकारातली दोन सिलिंडर, वजन सव्वादोनशे किलोच्या आत, टाकी २० लिटरची. हीच गाडी सुझुकीनं २०१८ मध्ये भारतातही आणली, त्यामुळे अनेकांना माहीत असेल. सीटची उंची ८३५ मिलिमीटर. माझ्या उंचीला ती जास्तच. कमी उंचीची सीट बसवली आणि थांबताना एकच पाय टेकायची सवय केली. जुनी गाडी घेणाऱ्यांनी एमओटीचा इतिहास जरूर पाहावा. तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि प्रत्येक वेळचं किलोमीटरचं रीडिंग, सांगितलेल्या दुरुस्त्या हे सगळं सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ते खरं.

मोठी गाडी का नको, याचं उत्तर रस्त्यावरच मिळतं. ग्लासगोहून ए ८२ नं निघालं की लॉख लोमंड या तलावाच्या काठाकाठानं झाडीतून रस्ता अरुंद होत जातो, पुढे झाडं संपतात आणि रॅनॉक मूर सुरू होतं. नजर पोचेल तिथवर तपकिरी दलदल, डबकी, खडक आणि आडवा येणारा वारा. वाऱ्यात हँडल आवळून धरायचं नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल ठेवायचे. तिथून उतरताना ग्लेन्कोचे डोंगर दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. दरीच्या तोंडाशी गाडी लावून मी दर वेळी थांबते. इथे कायद्यानं ताशी ६० मैलांपर्यंत जाता येतं आणि पुढे उत्तरेला गेल्यावर वळणांमुळे तेवढंही होत नाही. हजार सीसीची ताकद वापरायची कुठे?

स्कायच्या बेटावर जायला १९९५ पासून पूल आहे, फेरीची वाट बघावी लागत नाही. बेटाच्या उत्तरेला ट्रॉटर्निशची डोंगररांग आहे. ती पाहिली आणि मी गाडी बाजूला घेऊन हेल्मेट काढलं. पायऱ्यापायऱ्यांचे कडे, वर सपाट माथा, कड्यावरून सुटलेलं पाणी: थेट सह्याद्री! ते नुसतं साम्य नाही. दोन्हीकडे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरांवर थर साचले. आपले साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, स्कायचे सहा कोटींच्या आसपास. तोच बेसॉल्ट. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला तर म्हणाली, “अगं, तू कासला कधी गेलीस?”

मुख्य भूमीवर परतून अ‍ॅपलक्रॉस गावाकडे निघालं की बेलख ना बा हा घाट लागतो. समुद्रसपाटीवरून सुरू होऊन ६२६ मीटरवर जातो. काही ठिकाणी पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर असा चढ. वरची वळणं आंबेनळीची आठवण करून देणारी, पण रस्ता एकाच गाडीपुरता आणि कठडा मोजक्याच ठिकाणी. दुसऱ्या गिअरमध्ये ही बाईक कुरकुर न करता चढते. थोड्या थोड्या अंतरावर ‘पासिंग प्लेस’ म्हणजे बाजू द्यायची जागा असते. ती डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही वाट द्यायची. तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नये, स्थानिक लोकांना त्याचा खरा त्रास होतो. डॉक्टर, शाळेची बस, मेंढपाळ, सगळ्यांचा तोच रस्ता आहे.

नॉर्थ कोस्ट ५०० हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा, सव्वापाचशे मैलांच्या आसपासचा फेरा २०१५ पासून प्रसिद्ध झाला आणि उन्हाळ्यात मोठमोठ्या मोटरहोमची गर्दी वाढली. म्हणून मी मे महिना निवडते. दिवस लांब असतो, चिलटंही अजून फारशी नसतात. जूनपासून ती येतात आणि वारा पडला की हेल्मेटच्या काचेआत शिरतात. उलापूल गावाच्या पुढचा भाग मला सगळ्यांत प्रिय. क्विनागचा डोंगर, मग १९८४ साली बांधलेला काइलस्क्यूचा वळणदार पूल, मग लॅक्सफर्डपासून डर्नेसपर्यंत निर्मनुष्य रस्ता. मेंढ्या रस्त्यावरच पहुडलेल्या असतात. कोकरू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला दिसली की थांबायचं. कोकरू हमखास आईकडे धावतं. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. ओल्या असताना त्यांवर ब्रेक लावायचा नाही, गाडी सरळ ठेवून जाऊ द्यायची. पेट्रोल पंप दूर दूर आहेत. २० लिटरच्या टाकीत चारशे किलोमीटरच्या आसपास निघतात, तरी मी अर्ध्यावर आली की भरून घेते.

समोरून येणारा प्रत्येक बाईकस्वार मान डोलावतो. उजवा हात थ्रॉटलवर असतो, डावा पलीकडे दिसत नाही, म्हणून इथे मानेनंच राम राम होतो. पावसात भिजून बोटं आखडलेली असताना ती एक मान पुरते.

हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चेन, बोल्ट, ब्रेक सगळं खातं. त्यामुळे ऑक्टोबर संपताना गाडी धुऊन, चेनला तेल देऊन, बॅटरी चार्जरला लावून गॅरेजमध्ये ठेवते आणि ‘रस्त्यावर नाही’ असं सरकारला ऑनलाइन कळवते. मग तेवढे महिने टॅक्स लागत नाही. आता एमओटी करून घ्यायचीय आणि मागचा टायर बदलायचाय. या मे महिन्यात स्क्रॅबस्टर बंदरातून बोटीत गाडी चढवून ऑर्कनी बेटांवर जाणार आहे. त्या बाजूला कुणी गाडी घेऊन गेलं असेल तर वाऱ्याबद्दल नक्की सांगा.