बारावं पान

दुपारी एकपर्यंत माझं परीक्षण लिहून तयार होतं आणि चांगलंच झोंबणारं उतरलं होतं. एका सुपरहिरो मालिकेचा नवा अंक, बावीस पानांची गोष्ट, तीत एका नव्या खलनायिकेचं पदार्पण. परीक्षणासाठी आगाऊ पीडीएफ येते तशी आली होती, मुखपृष्ठ वेगळ्या फाइलमध्ये आणि आतली पानं वेगळ्या. मी ती लॅपटॉपवर दोन-दोन पानं शेजारी लावून वाचली आणि पाचपैकी दोन तारे दिले.

ही बाई विम्याची सर्व्हेअर. नायक मारामारी उरकून उडून जातो, की मागे राहिलेल्या चेपलेल्या गाड्या आणि पडलेल्या भिंती मोजायला ही येते. वर्षानुवर्षं तेच करून तो कुठली भिंत आधी फोडतो, डावीकडे वळताना का कचरतो, हे तिला त्याच्याहून जास्त कळायला लागलंय. कल्पना मला आवडली होती. चांगल्या खलनायकाला नायकाची खोड दिसावी लागते. हिने तर ती टेप लावून मोजलेली.

पण तिचा प्रवेश फुसका वाटला. अकराव्या पानावर नायक थकून घरी येतो. शेवटच्या चौकटीत दाराची मूठ, तिच्यावर त्याचा हात आणि मुठीखाली एक पिवळी चिठ्ठी, पडझडीच्या जागी ती लावते तसली. बाराव्या पानावर पानभर तीच, त्याच्या खुर्चीत, मांडीवर वही. मला मात्र अकरावं पान समोर येताक्षणी शेजारी ती बसलेली दिसली. त्यात १६-१७ पानांवरचं पूल कोसळतानाचं रुंद चित्र मधोमध कापलेलं. अर्धा पूल इथे, उरलेला पुढच्या जोडीत. मी ठोकून दिलं : ‘चित्रकाराला पानांच्या मांडणीचं भान नाही.’

मजकूर पाचला द्यायचा होता. साडेतीनला छापील प्रत हातात पडली. नुसती छपाई कशी आहे बघावी म्हणून चाळायला घेतली. अकरावं पान उजवीकडे होतं. पिवळी चिठ्ठी दिसली, पान उलटलं, आणि ती तिथे आहे हे माहीत असूनही मी दचकलो.

मग पानं मोजत बसलो. छापील अंकात पहिलं पान उजव्या हाताला येतं; विषम पानं उजवी, सम डावी. समोरासमोर येतात २-३, ४-५, १६-१७. माझ्या फाइलमध्ये मुखपृष्ठ नसल्यामुळे लॅपटॉपने १-२, ३-४ अशा जोड्या लावल्या, आणि ११ च्या कुशीत १२ येऊन बसलं. धक्का सम पानावर ठेवायचा, म्हणजे पान उलटेपर्यंत तो झाकलेला राहतो, हे नव्या मुलांना मीच सांगत आलोय. कापलेला पूल बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याची जास्त लाज वाटली.

संपादकबाईंना फोन केला. “परीक्षण बदलतोय. सहा वाजतील.”

“आवडला का आता?”

“नाही. पण चूक त्यांची नाही, माझी आहे.”

“मग साडेपाच,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नव्या खलनायकाचं भाकीत करण्यात तशी फार जणांची फजिती झालीय. १९४० साली बॅटमनच्या पहिल्या अंकात आलेला जोकर त्याच अंकाच्या शेवटी मरायचा होता. संपादकांनी अडवलं, तो जिवंत असल्याची चौकट ऐनवेळी घातली गेली, आणि तो अजून मरायचं नाव घेत नाही. या सर्व्हेअरबाईंचं पुढे काय होईल ते मी सांगायला जाणार नाही.

तरी एक तक्रार छापील प्रतीतही टिकली. शेवटच्या तीन पानांत तिला लखलखतं चिलखत चढवून नायकाशी गुद्दागुद्दी करायला लावलंय. जी बाई वही उघडून माणसाला गार करते तिला लोखंडी मुठी कशाला? बहुधा कुणाला तरी मुखपृष्ठासाठी भारदस्त चित्र हवं होतं.

साडेतीन तारे दिले. चित्रकाराबद्दलचं वाक्य खोडलं, चिलखताबद्दलचं आणखी थोडं धारदार केलं, आणि पाच चाळीसला मजकूर पाठवला.