धाकट्या लेकीकडून घोकून घेतलेली तारीख

आज दुपारी आईबरोबर ‘दृश्यम’ पुन्हा पाहिला. २०१५ चा हिंदी, दिग्दर्शक निशिकांत कामतांचा. थोरल्या लेकीच्या हातून पोलीस अधिकारी तब्बूचा मुलगा मारला जातो आणि बाप घराला वाचवायला ते लपवतो, तोच. शेवट पाठ असूनही पोटात गोळा आलाच.

चौकशीत पोलीस गायतोंडे त्या धाकट्या लेकीवर, अनूवर हात उगारतो तेव्हा आई मटार सोलत होती. अर्धी उघडलेली शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली, डोळे टीव्हीवर. मला मात्र त्या मारापेक्षा आधीची तालीम जास्त हलवते. चौथी नापास केबलवाला बाप बायको-मुलींना समोर बसवून तीच उत्तरं पुन्हा पुन्हा वदवून घेतो. २ ऑक्टोबर, पणजी, सत्संग, पावभाजी. पोरीला पाढे शिकवावेत तसं खोटं शिकवायचं, तेही तिला वाचवायला! किती भयंकर माया आहे ही.

‘डोंबिवली फास्ट’मध्येही कामतांनी आपल्यासारख्याच साध्या माणसाला असंच कडेलोटापर्यंत नेलं होतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये ते गेले. फार लवकर गेले, अजून चुटपुट लागते.

सिनेमा संपला तरी ताटात मटार मूठभरच. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या तब्बूचंही पोरच गेलं ना गं.”