बाझलचा फास्नाख्ट: पहाटे चारचा काळोख

गोव्याचा कार्निव्हल ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ लागायच्या आत आटपतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचा फास्नाख्ट, म्हणजे तिथला कार्निव्हल, मात्र उपवासाचा पहिला दिवस असलेला राखेचा बुधवार उलटून गेल्यावर, पुढच्या सोमवारी सुरू होतो. १०९१ मध्ये चर्चने उपवासाच्या चाळीस दिवसांतून रविवार वगळले आणि उपवास सहा दिवस आधी लागू लागला. बाझलकर जुन्या हिशोबालाच चिकटून राहिले. १५२९ मध्ये शहर प्रॉटेस्टंट झालं, उपवासाचं निमित्तच गेलं, तरी सण टिकला!

पहाटे चारचे ठोके पडले आणि जुन्या शहरातले दिवे एकदम गेले. वीजवाल्यांनीच ते मुद्दाम घालवलेले असतात. ‘मोर्गेश्ट्राइख, फोर्वेर्ट्स, मार्श!’ अशी आरोळी उठली, आणि गल्लीगल्लीतून पिकोलो बासऱ्या नि ड्रम एकाच वेळी सुरू झाले. या घडीला सगळी पथकं एकच धून वाजवतात. मुखवट्यांवर डोईइतके छोटे कंदील, आणि मध्ये माणसांच्या खांद्यांवर डुलत चाललेला पुरुषभर उंचीहून मोठा रंगवलेला कंदील. त्यावर वर्षभरातल्या कुठल्यातरी राजकीय फजितीची टर. चालणाऱ्यांची चाल संथ, आणि एकही जण हसत नाही. एवढ्या गांभीर्याने केलेली टवाळी मी कुठे पाहिली नव्हती.

गर्दीत कुणी गालाला रंगसुद्धा लावलेला नव्हता. सोंग घ्यायचं ते पथकातल्यांनी, पाहुण्यांनी नुसतं बघायचं. आधी हे जरा तुसडं वाटलं, मग पटलं.

उजाडेपर्यंत थंडीने बोटं बधिर झाली होती. एका खाणावळीत भाजलेल्या पिठाचं सूप मिळालं, पातळ पिठल्याच्या जवळपास जाणारं, वर किसलेलं चीज. सोबत कांद्याचं सारण भरून भाजलेला पाई.

या सणाचा सर्वांत जुना उल्लेख १३७६ चा, आणि तोही रक्तपाताचा: ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या सरदारांनी कॅथेड्रलसमोरच्या चौकात खेळ मांडले, आणि चिडलेले नागरिक त्यांच्यावर तुटून पडले. आज त्याच चौकात कंदिलांचं प्रदर्शन भरतं.

दुपारच्या मिरवणुकीत मोठ्या नाकाचे, निळ्या डगल्यातले ‘वागिस’ गाड्यांवरून संत्री, गोळ्या आणि मिमोसाची फुलं वाटतात. पण जायच्या आधी फास्नाख्टचा बिल्ला विकत घेऊन छातीवर लावा. तो दिसला नाही तर हेच वागिस कॉलरमध्ये मूठभर कागदी टिकल्या कोंबतात. या टिकल्या एका वेळी एकाच रंगाच्या असाव्या लागतात. रंगीबेरंगी दिसल्या की त्या रस्त्यावरून गोळा केलेल्या आहेत, असं धरलं जातं.