बारा घोडे आणि पार्कसाइटचा चढ

निघालो होतो माझा चष्मा आणायला. कुर्ल्याच्या अलीकडे भाच्याने गाडी एका गल्लीत घातली आणि म्हणाला, "आत्या, पाचच मिनिटं." ही पाच मिनिटं कसली असतात ते गॅरेजबाहेर उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आत गेल्यावर त्याची आरएक्स-हंड्रेड मोटरसायकल डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या एका लोखंडी फलाटावर चढवली. पुढचं चाक शिकंजात पकडलं, मागचं चाक एका जाडजूड ड्रमवर टेकवलं आणि दोन्ही बाजूंनी पट्टे ओढून गाडी जखडून टाकली. पट्टा टाकीला घासत होता, तिथे दुकानातल्या पोराने जुन्या बनियनचा तुकडा दुमडून घातला. रंगाला ओरखडा नको म्हणून. तेवढ्या एका गोष्टीवरून मला दुकान आवडून गेलं. समोर माणसाच्या उंचीचा पंखा सुरू झाला, उस्ताद गाडीवर बसला, एकेक गिअर टाकत टॉपला गेला आणि मूठ पिळली. गाडी जागच्या जागी शंभराच्या वेगाने पळायला लागली. मे महिन्याची दुपार, टूटी ऑइलचा धूर आणि तो चिरका आवाज. (सायलेन्सर कंपनीचा नाही. कुठला आहे ते इथे लिहीत नाही, वाहतूक पोलीसही वाचत असतात.)

स्क्रीनवर एक रेघ चढत गेली आणि शेवटी आकडा आला: 12.4 हॉर्सपॉवर.

"एवढेच?" भाच्याचा चेहरा उतरला. मित्रांमध्ये कुणीतरी सोळा काढले होते म्हणे.

उस्ताद शांतपणे हात पुसत म्हणाला, "कंपनी सांगते तो आकडा इंजिनचा. हा मागच्या चाकाचा. मधे गिअर, चेन, टायर, सगळे आपापलं कमिशन खातात. काम करायच्या आधी नऊ पॉइंट एक होता, विसरलास? आणि दुसऱ्या डायनोवर नेलीस तर दुसरा आकडा येईल. स्वतःच्या गाडीशी स्वतःची गाडी मोज, मित्राच्या नको." हा माणूस दहावीच्या निकालाच्या दिवशी पालकांपुढे उभा करायला हवा.

कॉम्प्युटर म्हणे हवेचं तापमान, दाब आणि दमटपणाही हिशेबात धरतो. उकाड्यात हवा पातळ होते, इंजिनला कमी पडते, तेवढं तो आकड्यात परत घालून देतो. मुंबईच्या मे महिन्याची भरपाई देणारी एवढी एकच सोय माझ्या पाहण्यात आली आहे.

मला मात्र त्या घोड्यांचंच नवल वाटत राहिलं. अठराव्या शतकात जेम्स वॉटला वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाइकाला वाफ कळत नव्हती, घोडे कळत होते, म्हणून त्याने घोड्यांत हिशेब मांडला. मेट्रिक पद्धतीत एक घोडा म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं. आता दादरच्या पुलावर उभे राहा. गाडी दुसऱ्या फलाटावर येतेय अशी घोषणा झाली की 75 किलोचे गृहस्थ ब्रीफकेस छातीशी धरून सेकंदाला तीन-साडेतीन पायऱ्या चढतात. पायरी वीतभरापेक्षा थोडी कमी. करा गुणाकार, अर्धा घोडा कुठे गेला नाही. याच शहरात 1874 साली ट्राम सुरू झाली ती एका नाहीतर दोन घोड्यांनी ओढली. विजेची ट्राम यायला 1907 साल उजाडलं. तोवर दोन घोड्यांत गाडीभर माणसं जायची, आणि आमच्या चिरंजीवांना एकट्याने पवईला जायला बारा कमी पडतात.

ही गाडी मुळात माझ्या वडिलांची, अण्णांची. आरएक्स-हंड्रेड 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली, त्यातल्या पहिल्या काही वर्षांतली. अण्णा माझगाव डॉकला फिटर होते आणि सर्व्हिसिंग झालेल्या गाडीवर त्यांचा विश्वास नसे. त्यांची स्वतःची परीक्षा होती. चक्कीवरून दळण आणायचं, मागे आई, आईच्या मांडीवर पिठाचा डबा, पुढे टाकीवर मी, आणि गाडी विक्रोळी पार्कसाइटच्या चढावर घालायची. तिसऱ्यात. गिअर उतरवायचा नाही. टाकी मांड्यांना चटके द्यायची, हँडलच्या मधोमध माझी हनुवटी थरथरायची, आणि अण्णा माझ्या डोक्यावरून पुढे वाकून इंजिन ऐकत असायचे. "बोलू नकोस," म्हणायचे, मी बोलत नसले तरी. आई डबा सावरत "अहो, दुसरा टाका," असं पुटपुटायची. तिसऱ्यात वर पोचलो तर मेकॅनिकला पूर्ण पैसे. मधे दुसरा टाकावा लागला तर दळण घरी ठेवून गाडी तशीच परत गॅरेजला. आकडा कधी कुणी विचारला नाही. कंपनीच्या पत्रकात 11 लिहिलं होतं हे मलाही भाच्यामुळे कळलं.

उस्तादाने कागद छापून दिला. त्यावर दोन रेघा होत्या, तुटक रेघ कामाआधीची आणि सलग रेघ आजची. भाचा टोकाकडे बोट दाखवत होता, तिथे सलग रेघ खरंच ताठ मानेने वर गेली होती. माझं लक्ष खाली गेलं. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आत नवी रेघ जुनीच्या खाली लोंबत होती. इंजिनचे पोर्ट (वायू ये-जा करायची भोकं) घासले, पाइप बदलला, की टूस्ट्रोक गाडी वर कमावते आणि खाली गमावते, उस्तादाने लगेच कबूल केलं. "रेसला बरी, ट्रॅफिकला नाही." अण्णांचा चढ त्या लोंबत्या भागातच येतो. आज पीठ आणि आई घेऊन गेलो तर बारा घोड्यांची ही गाडी दुसरा मागेल. भाच्याला सांगितलं, तर म्हणाला, "आत्या, आता पीठ ऑनलाइन येतं." ते खरंच आहे.

अण्णांनाही एकदा असंच यंत्रावर चढवलं होतं. टीएमटीला, म्हणजे चालत्या पट्ट्यावर हृदय तपासतात त्याला. छातीला वायरी, पायाखाली पट्टा, आणि दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही वाढतो. दुसऱ्या टप्प्यात ते तिथल्या मुलीला म्हणाले, "हा पार्कसाइटपेक्षा कमीच आहे." ती म्हणाली, "काका, बोलू नका." तिसऱ्यात तिने यंत्र थांबवलं. तिच्या हातातल्या कागदावरच्या रेघा त्यांनी बराच वेळ निरखून पाहिल्या आणि घडी करून खिशात ठेवल्या. त्याच आठवड्यात त्यांनी गाडीची किल्ली नातवाच्या हातावर ठेवली.

भाच्याला अजून वाटतं, अठरा पूर्ण झाली म्हणून दिली.