आमच्या दावणीची पहिली शेळी

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा गोठा होता, पण दावण रिकामी होती. २०१५-१६च्या दुष्काळात चाऱ्यापायी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलजोडी विकली. त्यानंतर गव्हाणीत सरपण रचलं गेलं ते तसंच राहिलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी ते बाहेर काढलं आणि गोठा शेणानं सारवून घेतला.

बचत गटातून वीस हजारांचं कर्ज मिळणार होतं. शेळ्याच घ्यायच्या, आणि त्याही उस्मानाबादीच, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३मध्ये धाराशिव झालं, शेळीचं मात्र उस्मानाबादीच राहिलं. काळीभोर, लोंबत्या कानांची, उंच पायांची. बालाघाटाच्या या उघड्या माळावर बोरी-बाभळीच्या पाल्यावर जगते आणि बऱ्याचदा जुळी देते. बाहेरच्या जाती दिसायला भारी असतात, पण पहिली शेळी आपल्याच मातीतली घ्यावी, हे माझं मत आजही पक्कं आहे.

शेळीच्या आधी चारा केला. मृग बरसल्यावर बांधाला शेवरी आणि हादगा टोकला, विहिरीकडच्या पाच गुंठ्यांत नेपियर गवताच्या दोन डोळ्यांच्या कांड्या लावल्या. सुबाभळीची चार झाडं आधीपासून होती, पण तिचा पाला जास्त झाला तर बाधतो, म्हणून तो इतर चाऱ्यात मिसळूनच द्यायचा. शेवरीला पहिली पानं फुटली तेव्हा मी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बघायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "अगं, बघून का लवकर वाढणाराय ती?" पण त्या स्वतःही माझ्यामागून यायच्या.

दसरा झाल्यावर मामांना घेऊन आठवडी बाजारात गेले. मामा किती वर्षांनी जनावरांच्या बाजारात पाऊल ठेवत होते! त्यांनी मला एकेक गोष्ट हातानं दाखवली. खालचा ओठ मागं करून पक्के दात मोजायचे: दोन दाती म्हणजे साधारण दीड वर्षाची, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास. डोळ्याची पापणी उलटून बघायची; आतून लालसर असली तर बरी, पांढरट असली तर पोटात जंत आहेत समजायचं. कास हाताला मऊ लागली पाहिजे, गाठ नको. मग मामा आणि हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, यांच्यात रुमालाखाली भाव ठरवायची बोटांची भाषा झाली. मी शेजारी उभी होते, मला काहीच दिसत नव्हतं, फक्त मामांच्या चेहऱ्याकडं बघत होते. चार दाती, तीन महिन्यांची गाभण शेळी साडेअकरा हजारांना ठरली. तिच्याबरोबर एक अदात पाट, म्हणजे अजून पक्का दात न आलेली मादी, साडेसहा हजारांना.

घरी आल्यावर आत्याबाईंनी उंबऱ्यात दोघींच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळदीकुंकू लावलं. शेळीचं नाव लक्ष्मी ठेवलं, पाटीचं काळी. पुढचे एकवीस दिवस त्यांना गल्लीतल्या शेळ्यांत मिसळू दिलं नाही. बाजारातून आजार आला असेल तर तो तेवढ्या दिवसांत दिसतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पुढं पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचली आणि कानात पिवळा बिल्ला मारला. त्यावर बारा आकडे असतात. ते मला अजून तोंडपाठ आहेत.

पौषातल्या थंडीत लक्ष्मी व्याली. दुपारपासून ती पायानं जमीन उकरत होती, सारखी उठत-बसत होती. कास भरून तटतटली होती. रात्री साडेअकराला पाणमोट फुटली आणि थोड्या वेळात पहिलं करडू आलं, बोकड. तो लगेच धडपडत उठला. दुसरी पाट होती, मुठीएवढी, आणि ती हललीच नाही. मी सुती कापडानं तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून डोकं खाली केलं, पोत्याच्या तुकड्यानं पाठ-छाती चोळत राहिले. हे कंदील धरून उभे होते, त्यांचा हात थरथरत होता. मग तिनं एक शिंक दिली. एवढीशी शिंक, पण मला ती सगळ्या गोठ्यात घुमल्यासारखी वाटली.

तिची नाळ कापून आयोडिन लावलं. तिला सड तोंडात धरता येईना, म्हणून लक्ष्मीचा चीक वाटीत काढला आणि चमच्यानं थेंब थेंब पाजला. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे, करडाची सगळी रोगप्रतिकारशक्ती त्यातून येते. सकाळी पिशवीत घालून तागडीच्या काट्याला लावलं तर दीड किलो भरली. तिचं नाव चिंगी. पंधरा दिवस ती चुलीजवळ टोपल्यात झोपली.

त्यानंतरचा उन्हाळा सरळ गेला. पहिल्या पावसानंतर मात्र एक चूक माझ्या हातून झाली. सकाळी दव असतानाच कोवळं गवत कापून टाकलं आणि दुपारी काळीची डावी कूस ढोलासारखी फुगली. तिला उतारावर पुढचे पाय उंच करून उभं केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत मी तिच्या पोटावर हात फिरवत होते. ती वाचली. तेव्हापासून ओला चारा सुकवून, कोरड्या कडब्यात मिसळूनच देते. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होण्याच्या आजाराची, लस मी पावसाआधीच करून घेतली होती, तिचा आधार मनाला फार होता.

बोकड वर्षाचा झाल्यावर विकला आणि गटाचे उरलेले हप्ते एकदम फेडले. त्याच दिवशी हेडीनं चिंगीच्या कमरेवर हात दाबून बघितला आणि तिचाही भाव विचारला. मी काही बोलायच्या आत आत्याबाई आतून म्हणाल्या, "ती विकायची नाही."

काळीला दोन पाटी आहेत. चिंगी आता चार महिन्यांची गाभण आहे, तिची कास भरायला लागलीय. गेले दोन दिवस मामा ओसरीत बसून अंबाडीचा वाख वळताहेत. चार दावी वळून झाली, पाचव्याला आज सकाळी हात घातलाय.