तुम्ही विचारलंत म्हणून: लढाईवर गेलेल्याचं रान पडीक का पडायचं?

‘पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, पगार घरी येत होता, मग परतले तेव्हा रान पडीक कसं?’ साताऱ्याकडच्या घरांतून हा प्रश्न नेहमी येतो.

पायदळाच्या शिपायाला तेव्हा महिन्याला 11 रुपये पगार होता आणि त्यातला काही मनिऑर्डरीनं घरी येई. अडायचं ते औताशी, म्हणजे नांगर आणि बैलजोडीशी. पेरणी बायकांना येत नव्हती असं मुळीच नाही, चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या पाभरीच्या तोंडावर, मूठ त्याच धरायच्या. पण नांगर धरणारा गडी गेला की रान वाट्यानं द्यावं लागे, आणि वाटेकऱ्याचं औत आधी त्याच्या स्वतःच्या रानात चालायचं. जिरायतीत वापसा, म्हणजे औत चालण्याजोगी ओल, टिकतो मोजके दिवस. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते. पेरा हस्त नक्षत्राच्या पुढं गेला की कणीस भरायच्या वेळी ओल सरलेली असते आणि पदरात नुसता कडबा पडतो. त्यात पावसानं ताल, म्हणजे माती-पाणी अडवणारा बांध, फुटली आणि त्याच हंगामात बांधून घेतली नाही, की वरची चांगली माती ओढ्याला गेलीच.

इकडं असं, आणि तिकडं 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. अन्न संपत आलं, घोडे कापले, शेवटी शरणागती. कैदेत पुष्कळ जण मेले.

जगले-वाचलेले परतले ते 1918 च्या दुष्काळानंतर. पाऊस गेलेला, वैरण नाही, वर इन्फ्लुएन्झाची साथ. माझ्या मते घरं खचली ती या वर्षानं. पगारानं दाणे विकत येत, पण विकलेली बैलजोडी परत उभी करणं फार जड.

पडीक रानात पहिली गाठ हरळीशी, म्हणजे खोल मुळं धरणाऱ्या तणाशी. पावसाळ्यात कुळव, म्हणजे आडव्या पात्याचं औत, घातला तर तिचे तुकडे होतात आणि ओलीत पेरापेरातून कोंब फुटतो. म्हणून फाल्गुन-चैत्रात वीतभर खोल नांगरट करायची. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 पासून होता, पण भारी जमिनीत त्याला दोन-तीन जोड्या लागत, म्हणजे सावड, एकमेकांचे बैल एकत्र करणं, आली. ढेकळं महिनाभर तापू द्यायची, मग कुळवाच्या उभ्या-आडव्या पाळ्या देऊन हरळी वेचायची आणि जाळायची. बांधावर टाकली तर पहिल्या पावसात परत रानात येते. एवढं करूनही एका उन्हाळ्यात ती संपत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ताग पेरून फुलोऱ्यात गाडला तर जमीन लवकर सुधारते, पण पोटाला हवं म्हणून हुलगा-मटकी पेरली जाई.

युद्धापुरत्या भरती झालेल्या धडधाकट माणसाला पेन्शन नसे. महारांची 111 वी पलटण तर 1917 ला उभी केली आणि 1921 ला मोडली. त्या शिपायांची घरं पुढं कशी सावरली, हे फार कमी लिहिलं गेलंय. घरात जुनी कागदपत्रं असतील तर जपून ठेवा.